मार्गदर्शक शिक्षकाने बोलावून घ्यावे

पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला अडचणी पुष्कळ असतात, परंतु त्यांतली नेमकी कोणती अडचण कोणापुढे मांडायची, हे त्याला ठाऊक नसते. बारावीपर्यंतचे बहुतेक निर्णय त्याच्या वतीने शाळेने, पालकांनी किंवा गुणपत्रिकेने घेतलेले असतात. महाविद्यालयात पाऊल ठेवले की विषयांची निवड, क्रेडिट (प्रत्येक अभ्यासक्रमाचे ठरलेले श्रेयांक), हजेरी, अंतर्गत मूल्यमापन, शिष्यवृत्तीचा अर्ज, एटीकेटी (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाण्याची सवलत), वसतिगृह आणि पुढच्या प्रवेश परीक्षा अशा सगळ्या गोष्टी एकदम अंगावर येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीची शेवटची तारीख वेगळी असते. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवताना मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून दरवर्षी वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची जबाबदारी माझ्याकडे असते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. मार्गदर्शक शिक्षकाने विद्यार्थी येण्याची वाट पाहत बसू नये, त्याला बोलावून घ्यावे. कारण ज्याला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते तोच सर्वांत उशिरा येतो, आणि बहुतेक वेळा तारीख उलटून गेल्यावर येतो.

शैक्षणिक सल्लागार ही कल्पना मुळात विषय निवडण्याच्या स्वातंत्र्यातून जन्माला आली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या आपल्या दीर्घ कारकिर्दीत ठरावीक अभ्यासक्रमाऐवजी विषय निवडण्याची मोकळीक वाढवत नेली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलापुढे इतके पर्याय ठेवले तर त्याच्याशी बसून बोलणारे कोणीतरी हवे, ही गरज त्यानंतर तिथल्या विद्यापीठांना जाणवू लागली. पुढे १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन या अभ्यासकाने असे मांडले की सल्ला देणे हा अध्यापनाचाच एक प्रकार आहे. वैद्याने औषध लिहून द्यावे त्याप्रमाणे विषयांची यादी हातात ठेवणारा सल्लागार आणि विद्यार्थ्याला स्वतः विचार करून निर्णय घ्यायला शिकवणारा सल्लागार, यांत त्याने स्पष्ट फरक केला. १९७९ मध्ये तिथे या क्षेत्रातल्या सल्लागारांची नॅकाडा ही स्वतंत्र संघटनाही स्थापन झाली.

आपल्याकडे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पूर्वी उभा राहिला नव्हता, कारण निवडीला वावच कमी होता. विषयांचे ठरावीक गट असत आणि त्यांतला एक गट घेतला की तीन वर्षांचा मार्ग बऱ्याच अंशी आखलेला असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी अभ्यासक्रमांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), कौशल्याधारित अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग (कामाच्या ठिकाणचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) अशा अनेक रकान्यांत क्रेडिट भरायचे असतात. ही मोकळीक मला मनापासून स्वागतार्ह वाटते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहास किंवा भाषा शिकता यावी, यासाठी पूर्वीच्या कित्येक पिढ्यांना महाविद्यालयाबाहेरच वाट शोधावी लागली. मात्र ज्या घरात महाविद्यालयात गेलेली ही पहिलीच व्यक्ती आहे, त्या घरातल्या मुलाला हे रकाने पहिल्या दिवशी समजावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे.

सोलापुरात अशी घरे फार आहेत. १९४० पासूनचे दयानंद आणि १९५३ पासूनचे संगमेश्वर या महाविद्यालयांनी गिरणगावातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कित्येक पिढ्यांना शिकवले. त्या काळी विद्यापीठ म्हणजे बरीच वर्षे कोल्हापूर होते. एखादा कागद अडला तर थेट तिथे जावे लागे. १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले, आणि कोल्हापूरची फेरी संपून विद्यापीठ जिथे आहे त्या केगावपर्यंतचे अंतर उरले. रस्त्याचे अंतर असे कमी झाले, तरी माहितीचे अंतर अजून बरेच शिल्लक आहे. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे वडील किंवा घरी बसून बिडी वळणारी आई मुलाच्या शिक्षणासाठी वाटेल ते कष्ट उपसते, परंतु मायनर विषय कोणता घ्यावा, हे तिने त्याला कसे सांगावे?

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. बी.एस्सी. भाग एकच्या एका विद्यार्थ्याला मी विषयनिवडीचा अर्ज भरण्याआधी बोलावले होते. अर्ज त्याने आधीच भरून आणला होता. फक्त माझी सही हवी होती. मायनर म्हणून जो विषय त्याने लिहिला होता, तो का निवडला असे विचारल्यावर तो म्हणाला, “आमच्या ग्रुपनं सगळ्यांनी तेच घ्यायचं ठरवलंय, सर. सोपा आहे म्हणतात.” पुढे काय करायचे आहे, असे विचारताच त्याने क्षणाचाही विचार न करता रसायनशास्त्रात एम.एस्सी. असे सांगितले. मग गणित का टाळले, या प्रश्नाला उत्तर आले नाही. मी त्याच्यासमोर भाग दोनचा अभ्यासक्रम उघडला आणि भौतिक रसायनशास्त्राचे पहिले प्रकरण त्यालाच वाचायला सांगितले. ऊष्मागतिकीच्या त्या पानावर कलन (कॅल्क्युलस) दिसल्यावर तो थांबला. बारावीला त्याने कलनाचा अभ्यास केला होता, गुणही चांगले होते. परंतु ‘कॉलेजचं गणित अवघड असतं’ हे वाक्य त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते, तिच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात बारावीच्या पातळीचे गणितही अंतर्भूत आहे आणि ती परीक्षा सोलापुरातला मुलगाही देऊ शकतो, हे त्याने त्या दिवशी प्रथमच ऐकले.

मी त्याला ‘गणित घे’ असे सांगितले नाही. अर्जावर सही न करता तो परत दिला आणि भाग तीनच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून यायला सांगितले, त्यांतला एक गणित घेतलेला आणि एक न घेतलेला. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते, आणि ते प्रश्न माझ्यापेक्षा गणित विभागातल्या सरांना विचारण्याजोगे होते. मला या कामातला सर्वांत समाधानाचा टप्पा हाच वाटतो. उत्तर कोठे मिळेल हे ज्याला कळू लागले, त्याला पुढच्या सत्रात माझी गरज कमी लागते, आणि तशी ती कमी लागावी यासाठीच हा खटाटोप आहे.

विषयनिवडीचे परिणाम बऱ्याच पुढे जाऊन दिसतात, म्हणून त्याबाबत आधी बोलणे भाग असते. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने बी.एड.च्या वेळी कोणता अध्यापन विषय मिळेल याचा विचार पदवीच्या वेळीच केला पाहिजे. याउलट राज्यसेवेची तयारी करू इच्छिणारी अनेक मुले ‘एमपीएससीला उपयोगी’ म्हणून नावडता विषय घेऊन बसतात. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. शिवाय २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्याने मुद्देसूद लिहिता येणे फार मोलाचे ठरले आहे, आणि ते कौशल्य आवडीच्या विषयातच लवकर येते. स्पर्धा परीक्षेचा विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याशी मी हे बोलतो, आणि त्याचबरोबर ती परीक्षा साधली नाही तर पदवीच्या बळावर काय करता येईल, हेही त्याच्याकडूनच वदवून घेतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, तरी मी त्याला दुय्यम मानत नाही. क्रेडिट जमा होण्यासाठी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदणीतले खाते आणि अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लागतो. सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड आडनावे मराठीतून इंग्रजीत जाताना दर कागदावर वेगळे रूप घेतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. पहिल्या सत्रात हे जुळवून घेतले तर काम सरळ होते. तिसऱ्या वर्षी, गुणपत्रिका हातात येण्याच्या वेळी ते लक्षात आले की मुलाचे आणि पालकांचे हेलपाटे सुरू होतात. म्हणून पहिल्याच भेटीत मी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगतो आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहतो.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरून ‘सबमिट’ केला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला आणि तिथून संबंधित विभागाकडे जातो. एखादे प्रमाणपत्र अस्पष्ट असेल तर तो त्रुटीसह विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि विद्यार्थ्याने पुन्हा लॉगिन करून पाहिलेच नाही तर तो तसाच पडून राहतो. आधारशी जोडलेले बँक खाते चालू नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हेही बऱ्याच जणांना भाग दोनमध्ये आल्यावरच कळते. आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक योजना महत्त्वाची आहे. बिडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाचे शैक्षणिक अर्थसाहाय्य असते आणि त्याचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. आईचे बिडी कामगार ओळखपत्र कपाटात जपून ठेवलेले असते, आणि त्याच्या आधारे आपल्याला अर्ज करता येतो याची मुलीला कल्पना नसते. आई काय काम करते, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, तो यासाठी. सुरुवातीला मुले संकोचतात. कारण सांगितले की मोकळी होतात.

हजेरीपटावरून विद्यार्थ्याची पारख करू नये, हे मला मंगळवेढा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसले. तिची सकाळच्या तासांची हजेरी उत्तम होती, दुपारच्या प्रात्यक्षिकाला मात्र ती वारंवार गैरहजर असे. अर्धे तिकीट आणि विद्यार्थी पास यांमुळे एसटीचा खर्च ही तिची अडचण नव्हती. अडचण वेळेची होती. प्रात्यक्षिक संपवून स्थानकावर पोहोचेपर्यंत गावाकडे जाणारी पाचची गाडी निघून जाई आणि त्यानंतर थेट मुक्कामी गाडी होती. अंधार पडल्यावर फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जायचे, हे घरच्यांना मान्य नव्हते, आणि त्यांची काळजी रास्त होती. “मॅडमना सांगायची भीती वाटत होती, सर,” एवढेच ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या मॅडमशी बोलून तिची बॅच सकाळची करून घेतली, त्यानंतर तिची हजेरी पुन्हा वाढली. ज्या कारणासाठी तिला परीक्षेला बसू न देण्याची वेळ आली असती, ते कारण एका विचारपूसेत बाहेर आले आणि एका बदलाने संपले.

भाषेची अडचण याहून खोल आहे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, गल्लीत हिंदी मिसळलेली मराठी, शाळा मराठी माध्यमाची आणि बी.एस्सी.चे पुस्तक इंग्रजी, असा प्रवास करणारी मुले आपल्याकडे प्रत्येक वर्गात आहेत. पहिल्या सत्रात त्यांचे गुण घसरतात आणि ‘आपल्याला विज्ञान झेपत नाही’ असा निष्कर्ष ती स्वतःच काढतात. अशा वेळी उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलो की दिसते, संकल्पना कळलेली असते, आकृती बरोबर असते, फक्त वाक्य अपुरे राहिलेले असते. अशा विद्यार्थ्याला शाखा बदलण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. त्याला दररोज एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहून दाखवायला सांगावे, संज्ञांची वही ठेवायला लावावी, आणि मौखिक परीक्षेत मराठीतून विचार मांडायला संकोच करू नकोस असे सांगावे.

शिक्षण सोडण्याच्या विचारापर्यंत आलेला विद्यार्थी समोर बसतो तेव्हा मात्र मार्गदर्शकाला नियम तोंडपाठ असावे लागतात. यंत्रमागाचे काम कमी झाल्याने घरची आवक घटलेला एक मुलगा पहिल्या वर्षाच्या मध्यावरच नाव काढायला निघाला होता. कोणीतरी त्याला ‘आता मध्येच सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं’ असे सांगितले होते. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते हे खरे, परंतु त्यासाठी दोन्ही सत्रांची मिळून किमान ४० क्रेडिट पूर्ण करावी लागतात आणि त्यावर व्यावसायिक कौशल्याची किंवा इंटर्नशिपची ४ क्रेडिट आणखी मिळवावी लागतात. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. सत्राच्या मध्येच नाव काढले असते तर त्याच्या हाती काहीच पडले नसते. हे आकडे कागदावर लिहून दिल्यावर तो शांतपणे ऐकू लागला. मग कमवा आणि शिका योजना (महाविद्यालयातच काम करून मोबदला मिळवण्याची सोय), मुक्त विद्यापीठ, सकाळच्या सत्रातले तास असे पर्याय एकेक करून तपासले. त्याने कमवा आणि शिका योजनेतून ग्रंथालयात काम धरले आणि वर्ष पूर्ण केले. पुढे राहायचे की थांबायचे, हा निर्णय त्याने वर्षअखेरीस वडिलांना सोबत घेऊन केला, आणि तो त्यांचाच निर्णय होता.

क्षेत्रीय प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांबाबत आपल्याकडच्या मुलांची समजूत अशी असते की त्यासाठी पुण्यालाच जावे लागते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, नान्नजला माळढोकचे अभयारण्य आहे, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी येथे औद्योगिक वसाहती आहेत. वनस्पतिशास्त्राच्या, प्राणिशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आधी इथे चौकशी करावी, पत्र घेऊन प्रत्यक्ष जावे, असे मी सुचवतो.

मार्गदर्शक शिक्षकाने आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. झोप उडालेला, जेवण तुटलेला, जगण्यात अर्थ नाही असे बोलणारा विद्यार्थी केवळ अभ्यासाच्या वेळापत्रकाने सावरत नाही. त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे नेणे, तोपर्यंत एकटे न सोडणे आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा क्रमांक त्याच्याजवळ देणे, एवढे आपले काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे, आणि परीक्षेच्या व स्थित्यंतराच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक द्यायचे आहेत. पहिल्या वर्षाचे पहिले सत्र हा अशा स्थित्यंतराचाच काळ आहे, याची आठवण प्रत्येक विभागाने ठेवावी.

मेंटॉर-मेंटी योजना आज बहुतेक महाविद्यालयांत आहे, कारण महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात तिची नोंद द्यावी लागते. नोंदवही त्यामुळे तयार होते, हे चांगलेच आहे. निदान कोणता विद्यार्थी कोणाकडे आहे हे ठरते. परंतु या कामासाठी वेळापत्रकात जागा नसल्याने ते दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत, शिक्षककक्षाच्या दारात उभ्याने केले जाते, आणि घरची परिस्थिती किंवा नापास झाल्याचे दुःख कोणताही विद्यार्थी दारात उभा राहून सांगणार नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मेंटॉरला आठवड्यातून एक तास कार्यभारात धरून मिळावा, त्यासाठी दार लावता येईल अशी एक खोली असावी, आणि तो तास शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास ठेवावा, म्हणजे मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मुलामुलींनाही परतीच्या गाडीची घाई न करता बसता येईल. तेलुगू किंवा कन्नड बोलणारा एखादा सहकारी त्या वेळी जवळ असेल तर पालकांनाही बोलावता येईल. सत्रातून एकदा तरी त्यांना बोलवावे, आणि पहिली भेट निकालानंतर न ठेवता प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यातच ठेवावी.